लेडी वेक्सकमचा ओठ

डॉर्कसने छापयंत्रातल्या तांब्याच्या पत्र्यावरून ओला कागद सोलून काढला आणि लॅव्हिंग्टनसाहेबांपुढे धरला. लेडी वेक्सकमचं तैलचित्र त्यांचं. तांब्यावर ते कोरलं होतं डॉर्कसच्या नवऱ्याने, जोसाया पेलने. तो टेबलामागे बसला होता, चेहरा साहेबांच्या आवाजाकडे वळवून.

ईस्टरपासून त्याला खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं. पत्रा तोवर बराचसा कोरून झाला होता. उरलेलं त्याने बोटांनी चाचपत पुरं केलं. हे बाहेर कळलं, तर साहेबांची पुढची चारही उमरावबायांची चित्रं दुसऱ्या कारागिराकडे जाणार होती.

साहेबांनी कागदावर, ओठाच्या कोपऱ्याशी, खडूचा ठिपका दिला.

"एवढा कोपरा मेल्यासारखा दिसतोय, पेल. जरा उजळा. मी थांबतो."

"आत्ता?" डॉर्कस म्हणाली. "साहेब, आधी चहा तरी घ्या."

"चहा पाजून वाटेला लावू नका, बाई. एका ओठाला असा किती वेळ लागतो?"

"हिलाच विचारा," जोसाया हसला. "हिचा ओठ मिटवायला मला बावीस वर्षं कमी पडली."

डॉर्कसने पत्रा पुसून त्याच्यापुढे ठेवला. पत्रा धरल्याचं निमित्त करून तिने कागदावरचा ठिपका पाहिला आणि तांब्यावर त्याच बाजूला, ओठाच्या कोपऱ्यावर करंगळी टेकवली. तिच्या नखाला पातं लागेपर्यंत त्याने खरवडलं. खरखरीत तांबं गुळगुळीत झालं. तिथे आता शाई धरणार नव्हती.

दुसरा कागद निघाला. ठिपक्याचा कोपरा होता तसाच काळा होता. उजळला होता तो पलीकडचा.

छापताना डावं उजवीकडे जातं. या घरात नांदताना तिने हे हजारदा पाहिलं होतं.

साहेब बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग जोसायाच्या डोळ्यांकडे.

"जमलं का, साहेब?"

"जमलं," ते म्हणाले. "असंच राहू द्या. चित्रातला ओठ मी बदलेन."

जिन्यापर्यंत डॉर्कस त्यांच्यामागे गेली. त्यांनी तिचा हात क्षणभर धरला.

"ती चार चित्रं मी दुसरीकडे देतोय, बाई. डोळ्यांचं कुणापाशी बोलणार नाही."

ती परत आली तेव्हा जोसाया बाह्या वर सारत होता.

"पुढची कोण?"

"नाव नाही सांगितलं," ती म्हणाली.

तिने फडताळातून कोरा पत्रा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने कडा चाचपल्या, दातेरी पातं उचललं आणि एका टोकापासून ते पत्र्यावर डोलवायला सुरुवात केली. चित्र कोरण्याआधी अख्खा पत्रा काळा छापण्याजोगा खरखरीत व्हायला तीन आठवडे लागतात. त्या कामाला डोळे लागत नाहीत.