बाईसाहेबांची तपासणी

उद्या आमच्या तबेल्याची समुद्रापर्यंतची सहल. सगळे घोडे, सगळे स्वार, जंगलातून थेट वाळूवर. इतकी वर्षं मी फाटकाशी उभी राहून बाकीच्यांना हात हलवत आले; यंदा मी जाणार होते. अट एकच: आज डॉक्टरीणबाईंनी घोडा तपासून होकार द्यायचा. आमची घोडी वयाला आलेली, त्यामुळे सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यात आमच्या ह्यांचं आठवडाभर एकच पालुपद. “या वयात कशाला हे धाडस? घोडीचं वय झालंय, तुझंही झालंय.” मी उत्तरादाखल भांडी तेवढी आपटली.

आमच्या घोडीला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात. स्टेथोस्कोप दिसला की बाईसाहेब थयथयाट करतात. मागे लस टोचताना त्यांनी डॉक्टरीणबाईंची पेटी लाथेनं अंगणाबाहेर उडवली होती. आज तसं झालं तर तपासणार काय, कपाळ? म्हणून मी एक युक्ती काढली. डॉक्टरीणबाई यायच्या जरा आधी घोडीला लांब दोरीवर रिंगणात भरपूर पळवलं, घाम पुसला आणि साळसूदपणे शेजारी उभी राहिले. बाईसाहेब एकदम गरीब गाय झाल्या होत्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, खूर पाहिले, सगळं ठीक. मग थर्मामीटर लावला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. छातीचे ठोके ऐकल्यावर त्या आणखी वाढल्या.

“काकू, हिला ताप दिसतोय. ठोकेही खूप जास्त आहेत. काही लागण असली तर बाकीच्या घोड्यांत नाही सोडता येणार. उद्याचं विसरा तुम्ही.”

“ताप नाहीये हो,” मी म्हटलं. “शांत राहावी म्हणून मीच पळवलं तिला.”

“तेवढ्यानं इतकं नाही वाढत, काकू.”

दाराशी उभी असलेली सून खरारा हातात घेऊन पुढे आली. “आई, मी पण पळवलं. नाश्त्यानंतर. म्हटलं, दमली म्हणजे लाथा झाडणार नाही.”

डॉक्टरीणबाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. “आणखी कुणी?”

त्यांनी हे गमतीनंच विचारलं असावं. पण मागून हे खाकरले. “मी. पहाटे. टेकडीपर्यंत जाऊन आलो.”

मला वाटलं होतं, हे रोजच्यासारखे पायी फिरायला गेलेत.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. घोडीला सावलीत उभं करून तिच्यावर पाणी मारायला सांगितलं. आम्ही तिघांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. घोडीपेक्षा आम्हीच जास्त भिजलो. मग त्यांनी पुन्हा थर्मामीटर लावला, पुन्हा ठोके ऐकले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“तापमान उतरलं की,” त्या म्हणाल्या. “ठोकेही जागेवर आले, आणि किती लवकर! लांब पल्ल्याच्या शर्यतीत आम्ही हेच बघतो, पळाल्यावर ठोके किती पटकन शांत होतात ते. तिघांनी मिळून पिदडलंत तिला, तरी ही ठणठणीत आहे. खुशाल न्या उद्या.”

मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. एक मारलीसुद्धा. सुनेनं मला मिठी मारली. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी ह्यांना गाठलं. “आठवडाभर जाऊ नको म्हणत होता, आणि आज तिला पास करायला तुम्हीच पहाटे उठलात?”

हे घोडीची मान पुसत होते. “लाटा अंगावर आल्या की लगाम आवळू नकोस,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “ढिला सोड. पाण्याला नाही घाबरत ती आता.”

“तुम्हाला काय माहीत?”

“ओढ्यातून नेतोय तिला रोज. तू जायचं ठरवलंस तेव्हापासून.”