चिंध्यांचा राजा

मित्रांनो, मी चिंध्या आणि सरस यांचा बनलेला एक जुना राजा आहे. नाटकातल्या राजाचा मुखवटा. ग्रीकांचा नाटकाचा देव दियोनिसस, त्याच्या देवळात एका खांबाला मला टांगलेलं आहे. माझं तोंड कायम उघडं असतं, पण आवाज नटाचा. माझा मला आवाजच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मिकीथोस नावाच्या कारागिराने मला घडवलं. कापडाच्या ओल्या पट्ट्या चिकटवताना तो आपल्या लेकीला म्हणाला, "फिलिन्ना, कपाळाला आठ्या जरा जास्त घाल गं. हे बेणं कुणाचं ऐकून घेणारं नाही."

वसंतातल्या उत्सवात मी रंगभूमीवर गेलो. नाटकातला राजा आधी भला माणूस असतो. मग सत्ता येते आणि त्याला फक्त 'हो' ऐकायची चटक लागते. म्हातारा ज्योतिषी त्याला सावध करतो, तेव्हा माझ्या तोंडून नट गरजतो, "तुला कोणी विकत घेतलंय?" शेवटी राजाचाच मुलगा मरतो. पुढच्या रांगेत नगराचा अधिपती थ्रासिलास बसला होता. तो हमसून हमसून रडला. मिकीथोस त्याचा लढाईतला जुना सोबती. त्याला मिठी मारून तो म्हणाला, "लेका, मी असा वागलो तर खुशाल माझे कान उपट." मग रिवाजाप्रमाणे मला देवाला वाहिलं. सुरुवातीला लोक मला बघायला यायचे, हळूहळू कोळिष्टकंच तेवढी राहिली.

पाच वर्षं गेली. एका सकाळी मिकीथोस धापा टाकत देवळात शिरला आणि शरण आल्याची खूण म्हणून लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची फांदी घेऊन वेदीपाशी बसला. मागोमाग थ्रासिलास आला.

"भर सभेत माझ्या स्वारीला अपशकुन करतोस?"

"अरे, कृत्तिका मावळल्या. वादळांचे दिवस आले, समुद्र बंद झाला. कोळ्यांनीसुद्धा होड्या उपड्या घातल्यात. तुझा लेक लाम्पोनही स्वारीच्या त्या गलबतांवर आहे रे! वसंतापर्यंत थांब."

"तुला कोणी विकत घेतलंय?"

माझेच शब्द! मला ओरडावंसं वाटलं. पण नुसतं उघडं तोंड काय कामाचं?

वेदीला शरण आलेल्याला कोणी ओढून न्यायचं नाही, असा आमचा नियम. थ्रासिलासने तो तंतोतंत पाळला. त्याने फक्त दारावर पहारा बसवला. भाकरी नाही की पाणी नाही. फिलिन्ना घागर घेऊन रोज यायची आणि पहारेकरी तिला परत पाठवायचे. तिसऱ्या दिवशी थ्रासिलास आला. "वारा चांगला आहे एवढं म्हण आणि घरी जा."

"नाहीये रे चांगला," मिकीथोस कसाबसा पुटपुटला.

पाचव्या दिवशी तो माझ्यासमोर मेला. ज्या हातांनी मला चेहरा दिला, त्यांना मी घोटभर पाणीही देऊ शकलो नाही.

"मी त्याला बोटही लावलं नाही," थ्रासिलास पुजाऱ्याला सांगत होता. पुजारी मान डोलावत होता.

गलबतं निघाली आणि महिन्याच्या आत त्यांची फुटकी लाकडं किनाऱ्याला लागली. थ्रासिलास लेकाचा फाटका अंगरखा छातीशी धरून देवळात आला. फिलिन्ना वेदी धूत होती. तिच्याकडे बघत तो रडत म्हणाला, "मला कोणीच कसं सांगितलं नाही गं?"

तिने हातातली घागर खाली ठेवली आणि ती निघून गेली.

मित्रांनो, उंदरांनी माझी हनुवटी कुरतडली आहे. कुरतडू द्या. मला नाही जपलंत तरी चालेल. पण तोंडावर 'नाही' म्हणणारं एखादं माणूस तुमच्याजवळ असेल, तर त्याला पाणी विचारा.