डेअरीमागचा हिरवा हौद

मी एक जुना हौद आहे. तसा तीनच वर्षांचा. पण उन्हाने माझा निळा प्लास्टिकचा कागद तडकला आहे, विटा सुटल्या आहेत. गुडघाभर खोल, दुधाच्या डेअरीमागे मी जन्मलो.

मित्रांनो, डेअरीत रोज दुधाचे कॅन धुतात. ते पाणी आधी गटारात जाऊन आंबायचं आणि शेजारी नाक दाबून मालकांच्या नावाने बोटं मोडत. कॅन धुणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. आईमागे थोरलीने हेच काम करून धाकटीला शिकवलं. मला बांधलं ते धाकटीने. सोड्याने कॅन धुतले की ते पाणी निवळून, गाळून ती माझ्यात सोडी आणि त्यात खाण्याजोगं बारीक शेवाळ वाढवी. पाण्यातल्या घाणीवरच ते पोसायचं आणि पाणी स्वच्छ व्हायचं. खर्च म्हणाल तर ऊन फुकट आणि ढवळायला सायकलचं एक मोडकं चाक.

"शिकूनसवरून डबकं राखतेस होय गं?" थोरली म्हणे.

"डबकं नाही ताई, पीक आहे."

"मग कापणीला बोलाव हो मला."

दर आठवड्याला धाकटी शेवाळ फडक्यातून गाळून वाळवी. तपासणी होईपर्यंत मात्र कुणाला चाखू देत नसे. विरजणासारखं थोडं शेवाळ ती खिडकीतल्या बरणीत जपून ठेवी. मी आजारी पडलोच, तर त्यातूनच पुन्हा उभा राहणार होतो.

मालककाकांनी मुदत घातली. "सोमवारी तपासणीचे साहेब हौदातल्या ताज्या शेवाळाचा नमुना न्यायला येतील. चांगला निघाला तर हौद तुझा. नाहीतर मला गाड्या लावायला जागा हवी आहे."

रविवारी धाकटी कागदपत्रं आणायला गेली. थोरलीला वाटलं, उद्या पोरीची परीक्षा, सगळं लख्ख दिसायला हवं. तिने सोडा बाजूला ठेवून ब्लीचिंग पावडरने कॅन दोनदा घासले. ते पाणी नेहमीच्या वाटेने माझ्यात आलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. दुपारी माझा हिरवा रंग पिवळा पडला, संध्याकाळपर्यंत पांढुरका झाला.

धाकटीने येऊन मला पाहिलं आणि ती खिडकीकडे धावली.

"ताई, इथली बरणी कुठंय?"

"घासून उपडी घातलीय बघ. किती बुळबुळीत झाली होती. साहेबांनी पाहिली असती म्हणजे?"

धाकटीने उपडी बरणी उचलून फिरवून पाहिली. म्हणाली, "छान निघालीय गं."

साहेब रिकाम्या हाताने परतले. नवं बीज आणून वाढवायला दोन महिने लागले असते. मालककाका दोन दिवसही थांबायला तयार नव्हते. थोरलीला अजून वाटतं, मला कुणाची तरी नजर लागली.

तिच्यावर रागावू तरी कसा? बरणीतलं ते जिवंत आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ताईला काय कळणार, असं धाकटीला वाटलं होतं.

मित्रांनो, घरात कुणी काही जपत असेल तर हात लावण्याआधी विचारा. आणि जपणारे तुम्हीच असाल, तर ज्यांनी तुम्हाला मोठं केलं त्यांना शेजारी बसवून सगळं नीट सांगा. कंटाळू नका.

मला बुजवण्याच्या कामाला दोघींनाच लावलं आहे. मातीची पहिली पाटी थोरलीने उचलली आहे. "तू तिकडे तोंड कर," ती धाकटीला म्हणते आहे, "तुला बघवायचं नाही. मी टाकते."