चौथी ओळ

संघप्रियाचं काम सांगायला सोपं आणि लोकांना पटायला अवघड. व्हिडिओ गेम सुरू केला की पहिल्यांदा एक यादी येते. पुढे चालू, नवा खेळ, आवाज, बोनस. ती यादी संघप्रिया बनवायची. लोक जिथं दोन सेकंद थांबत नाहीत, तिथं ही बाई सहा-सहा महिने बसून असायची. शेजारच्या गुरम्मा मावशी विचारत, "मग गेम कोण करतंय गं?" गेम दुसरे करत. ही त्याचं दार करायची, आणि दार कुणी केलं याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही.

याद्यांचं हे वेड तिला लावलं तिच्या दादानं, रत्नदीपनं. तेव्हा तो सोळाचा आणि ती सातची होती. बाप आधीच गेलेला. टॉवेलच्या कारखान्यातला पहिला पगार हातात पडला तसा दादानं गावातल्या नवी पेठेतून टीव्हीला जोडायचा गेम आणला. कॅसेटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, नऊशे नव्याण्णव गेम. निघाले अकरा. तेच अकरा नावं बदलबदलून नऊशे नव्याण्णव केलेले. फसवायचं तर निदान एवढ्या कष्टानं फसवावं.

एका सकाळी आईला सिव्हिलला न्यायला रिक्षा आली. आई महिनाभर खोकत होती. दादानं प्रियाला टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाला, "सातशे बेचाळीस नंबरला बोनस हाय. तेवडा हुडकून काड. मी आलोच."

ती एकेक ओळ खाली उतरत राहिली. टक, टक, टक. मधेच कुठंतरी मशीन अडकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दुपार कलली तेव्हा कुठं ती सातशे बेचाळीसला पोचली. तिथं पहिलाच गेम होता, नाव तेवढं वेगळं. संध्याकाळी दादा एकटाच परत आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "घावला का बोनस?"

त्याच्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "घावला. लई भारी हाय."

सात वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. आई काही परत आली नाही.

आता प्रिया सत्तावीस वर्षांची. पुण्याची एक छोटी कंपनी, काम घरूनच. नवा गेम होता सुटलेली शेळी गल्ल्यागल्ल्यांतून घरी आणायचा. गेम संपवणाऱ्याला बोनस उघडायचा. त्यात टाकून दिलेली चित्रं, शेळीचे रेकॉर्ड केलेले आवाज, आणि कंपनीची एक पद्धत म्हणून प्रत्येक कामगाराचं मनाला येईल ते एक चित्र. मालक म्हणायचा, बोनस म्हणजे जेवणानंतरचं पान. कुणी आपलं मांजर काढलं, कुणी आपली गाडी. प्रियानं आपली जुनी दोन खोल्यांची जागा काढली. टीव्ही, कॅसेट, मांडी घालून बसलेला दादा, आणि दारात आई. आईचं पातळ काढलं, पदर काढला, हातातली एकच बांगडी काढली. तोंड मात्र काढलं नाही. तिथं नुसता सपाट गव्हाळ रंग भरला.

काढणार कसं? तिला आईचं तोंड आठवतच नव्हतं. खोकला आठवायचा, पदराचा वास आठवायचा, आणि तोंडाजवळ आलं की गुरम्मा मावशीच पुढं यायच्या. घरात फोटो म्हणावा तर मतदार कार्डावरचा, आणि तो असा काळा की आई आहे का आजोबा हेही सांगता येऊ नये. जिनं जन्म दिला तिचं तोंड आठवत नाही, हे सख्ख्या भावाला तरी कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून तिनं ही वाट काढली. दादा चित्र बघेल, म्हणेल, आगं, तोंड कुटं हाय? मग ती म्हणेल, तू सांग, मी काढते. तो सांगत जाईल, नाक असं, हनुवटी तशी, आणि आई पुन्हा एकदा घरात येईल. गेले सहा महिने ती या एका प्रश्नाची वाट बघत होती.

घरच्या कॉम्प्युटरवर तिनं गेम संपवायची अट काढून टाकली. एका रविवारी दादाच्या हातात गेम खेळायचा वायरीचा रिमोट दिला, "चौथी ओळ, बोनस. त्यात पहिलंच चित्र माझं, जुन्या खोलीचं, दारात आई" एवढं सांगितलं आणि लाजून आत चहा टाकायला गेली. बाहेर तीन वेळा टक वाजलं, मग उघडल्याचा टुण्ण. ती चहा घेऊन आली तर दादा मान जरा वाकडी करून पडद्याकडं बघत बसलेला.

"हुबेहूब," तो म्हणाला. "आईच दारात उबी हाय जनू."

 सपाट रंगाला हुबेहूब? मन राखायला म्हणाला असेल का? का तोही आईला विसरला? पुढचे तीन रविवार तेच. जेवण झालं की दादा आपण होऊन बसायचा, तीन टक, टुण्ण, आणि पाच मिनिटं मान वाकडी करून बघत राहायचा. प्रत्येक वेळी "लई भारी". ती आतल्या आत जळत होती. कंपनीनं आता पुण्यालाच राहायला बोलावलं होतं, येत्या सोमवारी तिथल्या ऑफिसात हजर व्हायचं होतं, आणि त्याच्या तोंडून तो एक प्रश्न काही निघत नव्हता.

मधल्या काळात मालकानं सांगितलं, लोक बोनसपर्यंत पोचतच नाहीत, तो वर घ्या. तिनं बोनस दुसऱ्या ओळीत आणला. चौथ्या ओळीत गेलं 'सगळं पुसून टाका'. शनिवारी घरच्या कॉम्प्युटरवरही नवी यादी चढली. दादाला सांगायचं राहून गेलं. त्यात सांगायचं तरी काय होतं, समोर लिहिलेलं तर होतं.

रविवारी दुपारी ती उंबऱ्यात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. आत टक, टक, टक. टुण्ण. तिनं सहज वळून बघितलं.

पडद्यावर चित्र नव्हतंच. मधोमध ठळक अक्षरात लिहिलेलं, 'सगळं पुसून टाकायचं? हो / नाही'. त्याच्यासमोर दादा मान वाकडी करून बसलेला, हात मांडीवर, ओठांवर हसू.

"किती बी येळा बगितलं तरी मन भरत न्हाय बग," तो म्हणाला.

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसली. कारखान्यात त्याला माल तपासायच्या चेकिंगवरून घड्या घालायला बसवलेलं, तो म्हणाला होता, पाठ दुखते म्हणून मीच मागितलं. चहा ओतताना कपाच्या काठावर ठेवलेलं बोट. ती वाकडी मान. चेकिंगला वीसेक वर्षं काढलेला माणूस, एक सूत सुटलं तरी डोळ्यांनी पकडणारा. तिला स्वतःचाच राग आला. जगाच्या सोयीच्या याद्या करणारीला घरातला माणूस दिसला नाही.

ती उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली.

"दादा, कदीपास्नं दिसत न्हाय तुला?"

हसू तसंच राहिलं थोडा वेळ, काढून ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून.

"दिसतंय की," तो म्हणाला. मग हळूच, "कडंनं दिसतंय, त्ये बी जवळचं. मदोमद डाग आलाय. वरीस झालं. डागदर म्हनला डोळ्याच्या पडद्याचा आजार हाय, जलमाचाच, आत्ता वर आलाय. परत येत न्हाय म्हनं."

"आनि मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर जायला तयार झाली असतीस व्हय पुन्याला?"

तिनं रिमोट घेऊन 'नाही' दाबलं. पडदा मागं यादीच्या पहिल्या ओळीवर आला. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आधी बाहेर पडला.

"मग हुबेहूब कशाला म्हनालास? न बगता?"

"तू बी तवा घावला म्हनाली हुतीस की," दादा म्हणाला. "त्या रात्री तू झोपल्यावर मी बगून आलो. सातशे बेचाळीसला काय बी नव्हतं."

बाहेर गुरम्मा मावशी कुणाला तरी कन्नडात हाका मारत होत्या. प्रियानं डोळे पुसले. आता लपवायला दोघांकडंही काही उरलं नव्हतं, एक तिचं सोडून.

"त्या चित्रात आईला तोंडच न्हाय दादा. मी काडलंच न्हाय. मला आटवत न्हाय ती. तू सांगशील, मग काडीन म्हनून मोकळं ठेवलंय."

 रिमोटच्या वायरीवरून दादाचं बोट सावकाश सरकत होतं, टॉवेलातला सुटलेला धागा शोधताना सरकायचं तसं.

"आदी इचारायचं की गं," तो शेवटी म्हणाला. "दोन वर्सामागं इचारलं असतंस तरी सांगितलं असतं. तवा डोळं मिटलं की आई समोर यायची. आता बाहेरची तोंडं दिसंनात, तशी आतली बी जायाला लागलीत. एकेक. आईचं आदी गेलं." तो थांबला. "रोज सकाळी तुज्याकडं कडंनं बगून घेतो. कान दिसतोय, केस दिसत्यात. तू पुन्याला गेलीस की तुजं बी जाईल."

 तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोनस आता कितवा?" त्यानं विचारलं.

"दुसरा. एकच टक."

"सोपं केलंस."

त्यानं रिमोट हातात घेतला, एकदा टक केलं आणि उघडलं. जुनी खोली आली, टीव्ही आला, दारात पदर आला. दादानं मान वाकडी केली.

"दारातच हाय न्हवं?"

"दारातच हाय," प्रिया म्हणाली.

मग दोघं दारातल्या आईकडं बघत बसले.