मदारभाईंची जिल्द

मी एक जुना ग्रंथ आहे, पण सगळाच जुना नाही. माझी पानं मुंबईच्या एका शिळाप्रेसात छापली, त्याला आता नव्वदच्या वर वर्षं झाली. माझ्या अंगावरचं लाल चामडं मात्र चौदाच वर्षांचं आहे. ते हिंगोलीत चढलं. मित्रांनो, ज्या कवीनं मला लिहिलं त्याला मी कधी पाहिलं नाही. ज्यानं छापलं त्याचा चेहराही आता आठवत नाही. ज्यानं मला जिल्द घातली त्या माणसाला मी चांगला ओळखत होतो. आज जे सांगायचं आहे ते त्याच्याविषयी आहे.

एकोणीसशे चौतीस साली मी नरसीला एका रस्त्याकडेच्या दुकानात पडलो होतो. दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुटाणे, हळद, कुंकू विकायचा आणि पुड्या बांधायला माझं एकेक पान फाडायचा. पुढची अकरा पानं अशीच गेली. कुणाच्या कुंकवाला गेली, कुणाच्या हिंगाला गेली, त्यांचा मला पुढं पत्ता लागला नाही.

एके दिवशी पुसेगावचे उत्तमराव तिथं आले. मोठे जमीनदार. शेती गड्यांच्या जिवावर आणि त्यांचा स्वतःचा जीव जुन्या पुस्तकांवर. हैदराबादेला कचेरीच्या कामाला गेले की येताना थैलीभर जुनी पुस्तकं आणायचे. मुंबई-पुण्याच्या पुस्तकवाल्यांना पत्रं लिहायचे. काव्य, आख्यानं, नाटकं, सगळं पहिल्या छपाईचं आणि सगळं उत्तम बांधलेलं, असा त्यांचा हट्ट. दुकानदारानं दिलेली पुडी त्यांनी सहज उलगडली, दोन ओळी वाचल्या आणि ते तिथंच ओट्यावर बसले.

"हे पुस्तक मला द्या," ते म्हणाले. "बदल्यात उद्या रद्दीचा भारा पाठवतो."

दुकानदाराला आनंद झाला. रद्दीचा कागद माझ्यापेक्षा मोठा असतो, त्यात अर्धा शेर गूळ मावतो.

उत्तमरावांनी मला उपरण्यात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीला शेख मदार यांच्या दुकानी नेलं. सगळं गाव त्यांना मदारभाई म्हणायचं. हिंगोलीत पूर्वी गोऱ्या पलटणीची छावणी होती, तिथं मदारभाईंचे वडील साहेबांची पुस्तकं बांधत. चामड्यावर सोन्याचा वर्ख चढवायची विद्या त्या घरात तशी आली. छावणी उठली, साहेब गेले. मदारभाई कचेरीची दप्तरं बांधू लागले, कुराण बांधू लागले, पोथ्या बांधू लागले. सोन्याचं काम करून घेणारं गिऱ्हाईक एकच उरलं होतं, उत्तमराव.

मदारभाईंनी मला हातात घेतलं, कडेनं नख फिरवलं आणि म्हणाले, "मालक, याच्यात काय लिवलंय ते वाचून दावा. मंग रंग ठरवतो."

"रंगाचं काय, लाल घाला की."

"तसं न्हाई. मेरेकू तुमची लिपी येत न्हाई. आन आतलं ठाऊक नसलं तर भायेरचं कसं करू?"

म्हणून उत्तमराव दोन दुपारी त्या दुकानात बसून मोठ्यानं वाचत राहिले. माझ्यात एका राणीची कथा आहे. राजा रागावून तिला रानात सोडतो आणि एक कोळीण तिला आपल्या झोपडीत ठेवून घेते. मदारभाई चामडं सुरीनं तासत ऐकत होते. वाचन संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग त्या कोळणीचं पुढं काय झालं?"

"तिचं पुढं काही लिहिलेलं न्हाई."

"कमाल हाय," मदारभाई म्हणाले आणि पुन्हा चामडं तासू लागले.

माझी जुनी शिवण उसवताना मला दुखलं, हे खोटं कशाला सांगू. पण नंतरचे ते दहा-बारा दिवस माझ्या आयुष्यात सगळ्यांत चांगले गेले. फाटक्या कडांना पातळ कागद चिकटला. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद पडला. गेलेल्या पानांच्या जागी अकरा कोरी पानं बसली. मग दोरा, मग घट्ट दाबून धरणाऱ्या शिकंज्यात तीन दिवस, मग बकऱ्याचं लाल चामडं. निखाऱ्यावर तापवलेला पितळी ठसा वर्खावर टेकला की बारीक चर्र असा आवाज यायचा. इतर पुस्तकांच्या मधोमध मदारभाई फूल काढत. माझ्यावर त्यांनी होडी काढली. उत्तमरावांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "कोळणीचं कायतरी नको का?"

पुसेगावच्या घरात माझ्यासारखी दीडशे पुस्तकं होती. काचेच्या दारांचं सागवानी कपाट आणि त्याची किल्ली उत्तमरावांच्या जानव्याला. पाहुणे आले की आम्हांला बाहेर काढत. "याच्या दोन-तीनच प्रती राहिल्या असतील," असं माझ्याबद्दल सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत, वाहवा करत आणि चहा पिऊन जात. वाचत कोणीच नव्हतं. उत्तमरावांच्या पत्नी पार्वतीबाईंना वाचता येत होतं. एकदा त्यांनी मला मागितलं. उत्तमराव म्हणाले, "हाताचा घाम लागतो चामड्याला." त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

दरवर्षी पाऊस सरला की मदारभाई येत. दोन दिवस ओसरीवर मुक्काम. आम्हांला सावलीत हारीनं मांडायचं, चामड्याला तेलाचा हात द्यायचा, कपाटात कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या. जेवण पार्वतीबाईंच्या हातचं. उत्तमराव त्यांच्याजवळ बसून राहत. "मदारभाई, तुमच्याबिगर माझी पुस्तकं पोरकी होतील," हे वाक्य मी बारा-तेरा वर्षं दरवर्षी ऐकलं.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. पैनगंगेच्या पलीकडं निजामाचं राज्य नव्हतं, म्हणून ज्याला जमेल तो बायकामुलं घेऊन तिकडं निघाला. उत्तमरावांनीही वाशीमच्या सोयऱ्यांकडं जायचं ठरवलं. बैलगाड्यांत माणसं आणि दाणे मावले, पुस्तकं मावेनात. ते ऐकून मदारभाई स्वतः आले.

"किताबा माझ्याकडं ठेवा," ते म्हणाले. "माझ्या घरात कोणी हात घालणार न्हाई."

निवडक चाळीस पुस्तकं एका पेटीत भरली. त्यात मी होतो. हिंगोलीला मदारभाईंच्या घरात ती पेटी भिंतीशी ठेवली आणि तिच्यावर त्यांची बसायची जागा झाली. एकदा टोळीतली चार माणसं येऊन विचारू लागली, त्या जमीनदाराचं काय दडवलंय म्हणून. मदारभाई पेटीवरून उठले नाहीत. "जिल्दीचं चामडं हाय," म्हणाले. माणसं निघून गेली. मदारभाईंच्या पत्नी बानूबी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या कागदासाठी जीव जाईल एक दिवस." मदारभाई म्हणाले, "अमानत हाय."

भाद्रपदात फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. लोकांनी तोरणं बांधली. उत्तमराव परत पुसेगावला आले. पण मित्रांनो, उन्हाळाभर ज्यांनी सोसलं त्यांच्यातल्या काहींचा राग आता भलत्याच दारांत शिरू लागला. ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं त्यांचीही घरं पेटली. मदारभाईंच्या गल्लीतली दोन घरं जळाली. ओळीतलं तिसरं घर त्यांचं होतं.

पुसेगावजवळच्या तांड्यावरचा भीमसिंग गाडी घेऊन हिंगोलीत आला होता. त्याच्या लग्नाआधीपासून मदारभाईंची आणि त्याची ओळख. तो म्हणाला, "चाचा, गाडीत बसा. पेटी राहू द्या. चिखल लई हाय, बैल वढणार न्हाईत."

"पेटी राहिली तर मालकाला तोंड काय दावू?" मदारभाई म्हणाले.

पेटी गाडीत चढली. बानूबी चढल्या. साठीचे मदारभाई गाडीमागं चालत निघाले. पाऊस लागून राहिला होता. सात-आठ कोसांची वाट त्यांनी तशी काढली. मी त्यांचा खोकला ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उत्तमरावांच्या दारात थांबली. समोरच्या पारावर पाच-सहा माणसं बसली होती, ती बोलायची थांबली. गड्यांनी पेटी उचलून थेट आतल्या खोलीत आणली. उत्तमराव तिथं भिंतीला टेकून उभे होते.

"मी घरी न्हाई म्हणून सांग," ते पार्वतीबाईंना हळू आवाजात म्हणाले.

"अहो, म्हातारी माणसं हायेत. वलीचिंब हून आलीत."

"पारावर कोण बसलंय ते बघ. आज यांना आत घेतलं तर उद्या आपलं घर ऱ्हाईल का? दोन दिवसांनी मीच बोलावतो त्यांना."

पार्वतीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग बाहेर गेल्या. त्यांचा आवाज मला ऐकू आला. "मालक वाशीमहून आले न्हाईत अजून."

मग मदारभाई म्हणाले, "बरं, माई. पेटी लवकर उघडा. वल धरली असंल. उन्हात नका ठेवू, सावलीत वाळवा."

गाडीची चाकं वाजली आणि आवाज दूर गेला.

उत्तमरावांनी पेटी लगेच उघडली. आम्ही कोरडे होतो, एकूणएक. प्रत्येकाला बानूबींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता आणि सगळ्यांच्या भोवती मदारभाईंची गोधडी होती. त्यांच्या घरात ती एकच जाड गोधडी होती, हे मला ठाऊक होतं. उत्तमरावांनी ती घडी करून कोपऱ्यात ठेवली आणि आम्हांला एकेक करून पुसलं. मला त्यांनी दोनदा पुसलं.

दोन दिवस झाले, चार झाले. बोलावणं गेलं नाही. पारावरची माणसं अजून बसत होती.

नवव्या दिवशी सकाळी भीमसिंग आला. तो बसला नाही. "मदारचाचा गेले," तो म्हणाला. "ताप भरला तो उतरलाच न्हाई. तांड्याच्या वरल्या अंगाला माती दिली."

उत्तमरावांच्या हातात मी होतो. "तुझ्या तांड्यावर होते?" त्यांनी विचारलं. "मला काहून न्हाई सांगितलं? मी हकीम आणला असता."

"तुमी घरी नव्हते ना, मालक," भीमसिंग म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

त्या दिवशी उत्तमरावांनी मला मेजावर ठेवलं ते ठेवलंच. कपाटाला कुलूप घातलं. रात्री जेवले नाहीत, असं गडी एकमेकांना सांगत होते. पुढं जेवू लागले. कपाट मात्र उघडलं नाही.

आठवड्यानं पार्वतीबाईंनी ती गोधडी काखेत घेतली, मला पदराखाली धरलं आणि कुणाला न सांगता त्या तांड्यावर गेल्या. भीमसिंगची बायको रूपाबाई चुलीशी होती. तिच्या झोपडीच्या दाराशी बानूबी बसल्या होत्या. पार्वतीबाईंनी गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. मग मला पुढं केलं. "त्यांच्या हातचं सगळ्यांत चांगलं काम हे हाय. तुमच्यापाशी असू द्या."

बानूबींनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. त्यांचा हात फार खरखरीत होता. मग त्यांनी मला परत दिलं. "किताब तुमची हाय, माई. ते तुमच्यासाठीच घेऊन आले व्हते."

त्यांनी मांडीवरच्या गोधडीची घडी सरळ केली. मग बानूबींनी विचारलं, "त्या दिवशी मालक घरात व्हते ना?"

पार्वतीबाईंनी खाली पाहिलं. "व्हय. घरातच व्हते."

"ह्यांनी वळखलं व्हतं," बानूबी म्हणाल्या. "उंबऱ्यापाशी मालकाचे जोडे व्हते. मी बोलणार व्हते, तर ह्यांनी माझा हात दाबला. म्हणले, मालक घरी न्हाईत, चल."

रूपाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पार्वतीबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला पदराखाली घेतलं आणि घरची वाट धरली.

आता थंडी पडली आहे. यंदा आम्हांला कोणी सावलीत मांडलं नाही, तेलाचा हात दिला नाही. कपाटात कसर शिरली आहे. माझ्या सोबतीची पुस्तकं आतून पोखरत चालली आहेत आणि काचेतून अजून सुंदर दिसतात. मी त्यांच्यात नाही. पार्वतीबाई मला देवघराच्या फळीवर ठेवतात आणि दुपारी घरात कोणी नसलं की एकेक पान वाचतात. त्यांच्या हाताचा घाम मला लागतो. चामड्याचं काही बिघडत नाही.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या. पानं दुमडू नका, ओल लागू देऊ नका, पाल्याच्या पुरचुंड्या ठेवा, हे तुम्हांला पुष्कळ जण सांगतील आणि ते खरंही आहे. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या दारात कधी कोणी भिजलेलं माणूस येऊन उभं राहिलं, आणि घरात जागा फक्त एका कपाटापुरती असली, तर आम्हांला बाहेर काढा. अंगणात फेका, पावसात फेका. भिजलेलं पुस्तक दहा दिवसांत वाळतं. मी स्वतः पुस्तक आहे, म्हणून तुम्हांला खात्रीनं सांगतो.