दोन काठांचे भाव

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर मी जन्मानं फळासुद्धा नव्हे. मी एका कपाटाचं दार होतो. कपाटाला वाळवी लागली, तेव्हा होड्या बांधणाऱ्या विल्फ्रिदो सुतारानं मला बिजागऱ्यांतून सोडवलं, रंधा मारला, काळा रंग दिला आणि आपल्या बायकोच्या, म्हणजे निमियाबाईंच्या, किराणा दुकानाबाहेर टांगलं.

आमचं गाव अल्बेर्दी, पॅराग्वे देशातलं. पुढ्यात नदी आणि नदीपलीकडे अर्जेंटिनाचं फोर्मोसा शहर. होडीत बसून तेरेरेचा, म्हणजे पानांच्या थंडगार पेयाचा, पेला एकमेकांत फिरवावा, तो संपतो न संपतो तोच पलीकडचा धक्का येतो.

निमियाबाईंनी माझ्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे आमच्या गावचे भाव, ग्वारानी या आमच्या चलनात. उजवीकडे त्याच जिनसांचे फोर्मोसातले भाव, तिकडच्या पेसोत. आणि त्याखाली बारीक अक्षरात, तेवढ्या पेसोंचे आज किती ग्वारानी होतात ते. पीठ, तेल, साखर, साबण आणि तेरेरेची पत्ती. पलीकडची खबर होडीवाला अनास्तासियो आणायचा. धक्क्याकडे निघालेल्या बायका आधी माझ्यापुढे थांबत. "फळा काय म्हणतोय?" असं कुणी विचारलं की माझी छाती फुगायची.

डाव्या बाजूचे आकडे महिनोन्‌महिने तसेच राहत. चुकूनमाकून एखादा हलायचा. उजवीकडचे मात्र आठवड्यालाच पुसावे लागत, पुढे पुढे तर दर दोन दिवसांनी. पुसून पुसून माझा उजवा भाग पांढुरका पडला, डावा काळाकुळकुळीत राहिला. दोन देशांतली महागाई शेजारी शेजारी ठेवून बघायची असेल, तर नुसता माझा रंग पाहिला तरी पुरे होतं.

निमियाबाईंची धाकटी बहीण सुल्मा फोर्मोसात दिलेली. सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. पेसो तगडा होता त्या काळात ती रिकाम्या पिशव्या घेऊन येई आणि भरून नेई.

"ताई, तुमच्याकडे सगळं फुकटच की गं!" ती हसत म्हणायची. "या असल्या गावात तुझा गल्ला भरतो तरी कसा?"

निमियाबाई हसून साजरं करत. पण बहीण होडीत बसली की मला जरा जास्तच जोरानं पुसत.

मग वारं फिरलं. पलीकडे भाव भराभर चढू लागले, आणि गंमत अशी की आमच्या लोकांना तिथलं सामान उलट स्वस्त पडू लागलं. अनास्तासियो डोकं खाजवत म्हणाला, "निमियाबाई, तिकडं महागाई भडकलीय आणि आपली चांदी होतेय. हे गौडबंगाल काय आहे?"

"त्यांचा भाव जिना चढतोय, अनास्तासियो, पण त्यांचा पैसा विहिरीत पडतोय," निमियाबाई म्हणाल्या. "चढणाऱ्यापेक्षा पडणारा लवकर पोचतो. आपला पैसा काठावर उभा आहे, म्हणून आपल्याला मजा."

गाव लोटलं. मला वाचायचं आणि होडी गाठायची. तेल, पीठ, साबण पोत्यांनी येऊ लागलं. निमियाबाईंनीही तिकडून आणलेलं तेल दुकानात मांडलं.

एके सकाळी सुल्मा आली. आता ती निवृत्त झाली होती. पिशवी रिकामीच होती, पण हसू नव्हतं. ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"हाच का तो फळा? यानं माझ्या गल्लीतलं तेल पळवलं."

"काय बोलतेस सुल्मा! उन्हातून आलीस, आधी बस तरी."

"काल रांगेत उभी होते. माझा नंबर येईपर्यंत कपाट रिकामं. पुढच्या बायका सगळ्या तुमच्या गावच्या. एक तर म्हणाली, फोर्मोसा फुकट आहे बाई, फुकट!"

निमियाबाईंनी आतून तेलाची बाटली आणून तिच्यापुढे ठेवली. सुल्मानं ती मागे सारली. "भीक मागायला नाही आले मी."

"मग मला काय म्हणत होतीस इतकी वर्षं? तेव्हा माझं गाव फुकट होतं ना?" निमियाबाईंनी विचारलं. "तेव्हा मी कुणाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले?"

मला वाटलं, सुल्मा आता निघून जाणार. पण तिनं गल्ल्यावरचा खडू उचलला आणि माझ्या तळाशी, उजवीकडे लिहिलं: गेल्या नाताळात माझ्या पेन्शनमध्ये तेलाच्या नव्वद बाटल्या. आज पन्नास.

निमियाबाईंनी धुणीभांडी करणाऱ्या तेओदोसियाला हाक मारली. "तुझ्या महिन्याच्या पगारात इथल्या तेलाच्या किती बाटल्या येतात गं?"

"गेल्या नाताळात तीस, बाई. आता एकोणतीस असतील."

तो आकडा डावीकडे लिहिला गेला. दोघी बहिणींनी दोन्ही आकडे ताडून पाहिले.

"म्हणजे अजूनही माझ्याकडेच जास्त आहे," सुल्मा हळूच म्हणाली.

"हो. पण तेओदोसिया रात्री झोपते. तिला ठाऊक असतं, उद्याही एवढंच मिळणार." निमियाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला झोप लागते का गं?"

सुल्मानं नकारार्थी मान हलवली आणि बसकण मारून ओक्साबोक्शी रडली.

बाटली तिनं त्या दिवशीही नेली नाही. पण पुढच्या शनिवारी ती आपली जुनी पेटी घेऊन आली. दुकानाच्या कोपऱ्यात पडदा लावून इंजेक्शन, मलमपट्टी, रक्तदाब असं काम तिनं सुरू केलं. मोबदला ग्वारानीत, कारण तो पैसा घसरत नव्हता. संध्याकाळी त्याच पैशांतून बहिणीकडचं सामान रोख घेऊन ती होडीत बसे. भाव करायचीही, अगदी हट्टानं. "दोन पैसे कमी कर, ताई, परकी आहे मी!" आणि निमियाबाई मुद्दाम एक पैसाही सोडत नसत.

तेव्हापासून माझ्यावर नुसते भावच नसत. तळाशी दोन ओळी कायम राहिल्या: इकडच्या पगारात किती, तिकडच्या पेन्शनमध्ये किती. काही बायका त्या वाचून होडीत एक पोतं कमी भरत. सगळ्या नव्हे. मी फळा आहे, पंच नव्हे.

आता भाव लोकांच्या मोबाइलवर दिसतात. मला दुकानामागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलंय. ओल्या फडक्यानं माझ्या कडा फुगल्या आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना फळा असेल, तर त्याला कोरड्या फडक्यानं पुसा, लाकूड जास्त टिकतं. आणि परमुलखात गेलात, एखादी वस्तू हातात घेऊन "किती स्वस्त!" म्हणावंसं वाटलं, तर जरा मागे वळून बघा. रांगेत तुमच्या मागे तिथलंच कुणीतरी उभं असेल.