गुरुवारचा डाव

निरंजननं आणलेला टॅब सुभद्राबाईंनी ज्या फळीवर ठेवला, त्या फळीवर एरवी बंद पडलेली घड्याळं आणि दांडी तुटलेले चष्मे असत. मुलगा काय ते समजला, पण माघार घेईना.

"आई, एकदा उघडून तर बघ. तुझीच दौलत आहे. दुसरा भाग आलाय. चित्रं कसली केलीत, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसतो."

"मला आयाळीला तेल लावायचं नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "माझे घोडे मला ओळखू येतात तेवढं पुरे."

त्यांचे घोडे म्हणजे जुन्या संगणकाच्या फुगीर पडद्यावरचे तपकिरी ठोकळे. त्यांचे यजमान उद्धवराव आकुर्डीला कंपनीत होते, तेव्हा ऑफिसातले जुने संगणक निघाले, त्यातला एक त्यांनी घरी आणला. त्याच सुमाराला पुण्यातल्या कुणा पोरांनी केलेला 'दौलत' नावाचा खेळ प्रदर्शनात मिळाला. खेळ मराठीत. एक खोरं, मधून नदी, अलीकडं एक सरदार, पलीकडं दुसरा. गावं वसवायची, कोठारं भरायची, गड बांधायचा आणि जमेल तेव्हा समोरच्याची खोडी काढायची.

उद्धवरावांच्या शेजारच्या मशीनवर महाळुंग्याचे कोंडीराम होते. साऱ्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारची, त्यामुळं कोंडीराम दर गुरुवारी बायकोला घेऊन यायचे आणि दोघे पुरुष खेळायला बसायचे. थोड्याच दिवसांत नदीच्या बंधाऱ्यावरून दोघांत इतकं बिनसलं, की कंपनीतही डबा वेगळ्या टेबलावर खाऊ लागले. खेळ बंद झाला. पण मागं मटार सोलत बसलेल्या दोघी बायका तोवर सगळं शिकल्या होत्या. पुढच्या गुरुवारी कोंडीरामांच्या गवराबाई एकट्याच आल्या, पदर खोचून खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुभद्राबाई, ह्या बाप्यांना जमलं न्हाई. आपुन बघू."

तेव्हापासून गुरुवार त्यांचा झाला. पुरुष रिटायर झाले, सुभद्राबाईंचं बिऱ्हाड आकुर्डीच्या दोन खोल्यांतून पिंपळे सौदागरच्या सातव्या मजल्यावर आलं, कोंडीराम देवाघरी गेले, तरी गुरुवार चुकला नाही.

संगणक एकच, त्यामुळं एकीची पाळी असताना दुसरीनं पाठ फिरवून बसायचं. गवराबाई बाल्कनीकडं तोंड करून मेथी निवडायच्या. मागं सुभद्राबाई काय कारस्थान करतायत हे माउसच्या टिकटिकीवरून ताडायचा प्रयत्न करायच्या, पण मान वळवायच्या नाहीत. आणि आठवडाभर कुणी चोरून सराव करू नये म्हणून दुसरा नियम: संगणक सुभद्राबाईंकडं, सीडी गवराबाईंकडं. सीडी घातल्याशिवाय खेळ सुरूच व्हायचा नाही. गवराबाई ती स्टीलच्या डब्यात घालून, वर फडकं बांधून आणायच्या आणि तशीच परत न्यायच्या.

"अगं, पण तू चालवून तर बघ," निरंजन म्हणाला.

एका दुपारी कुणी नसताना सुभद्राबाईंनी चालवून बघितलंच. न बघता नावं ठेवायची त्यांची रीत नव्हती. बघून ठेवायची होती.

नव्या दौलतीत कुठंही बोट लावलं की ढोल वाजायचा आणि "शाब्बास सरदार" असं यायचं. विहीर खणली, शाब्बास. चुकून तीच विहीर बुजवली, तरी शाब्बास. सुभद्राबाईंना वाटलं, मी काय बालवाडीत आहे? मग त्यांनी एका गावातून मुद्दाम सगळं धान्य उचललं. जुन्या खेळात असं केलं तर गाव रुसायचं. पाटील गडाच्या दाराशी येऊन नुसता उभा राहायचा; त्याच्याकडं लक्ष दिलं नाही, तर लोक बैलगाड्या जुंपून पलीकडच्या सरदाराच्या मुलखात निघून जायचे. सुभद्राबाईंची कितीतरी गावं अशी गवराबाईंकडं गेली होती. इथं गाव रुसलं नाही. धान्य नेलं, बैल नेले, माणसं आपली हात हलवून हसतायत.

"जनाची नाही, मनाची तरी," त्या उद्धवरावांना म्हणाल्या. "उपाशी ठेवलं तरी हसतात. असली रयत असते का कुठं?"

"असते," उद्धवराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टॅब आपण होऊनच किणकिणला. सुभद्राबाईंचं गाव जळालं होतं. कुणी जाळलं तर 'टायगर_९९' नावाच्या कुणीतरी, त्या दुपारच्या झोपल्या असताना. हे मात्र फार झालं. त्यांची दौलत आठवडाभर त्यांची वाट बघायची. गुरुवार उजाडून दोघी बसेपर्यंत नदीचं पाणी हलायचं नाही. झोपलेल्या माणसाच्या गावाला आग लावायची, आणि वर आपला चेहराही दाखवायचा नाही, याला खेळ म्हणायचं? त्यांनी टॅब फळीवर नेऊन ठेवला आणि वर चष्म्याचं घर ठेवलं.

"गवराबाई येऊ देत गुरुवारी," त्या निरंजनला म्हणाल्या. "माझं सैन्य बंधाऱ्यापाशी येऊन थांबलंय. तुझ्या नव्याचं काय ते नंतर."

गुरुवारी त्यांनी चकल्या काढून ठेवल्या, संगणकावरचं कापड झटकलं. चहाची वेळ झाली, टळली. गवराबाई आल्या नाहीत. मागच्या गुरुवारी अंग दुखतंय म्हणाल्या होत्या, त्याआधी घरी पाहुणे होते. सुभद्राबाईंनी फोन लावला.

"आवं, आता कशाला यायचं?" पलीकडून गवराबाई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच मोकळा होता. "आमच्या गोरक्षनं मोबाइलवर नवी दौलत टाकून दिली. पडल्या पडल्या खेळता येतीया. तुमाला बलावणं धाडलंय म्या, दिसलं न्हाई का?"

सुभद्राबाईंनी फळीवरच्या टॅबकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आणि आपला डाव?"

"ऱ्हाऊ द्या की आता. लई जुना झाला."

"सीडी कुठंय?"

पलीकडं गवराबाई नुसत्या खोकल्या.

"गवराबाई, सीडी कुठंय?"

"गोरक्षनं रानात बांधली," गवराबाई हळूच म्हणाल्या. "हरभऱ्यावर पाखरं लई उतरत्यात. चकाकतं म्हून बुजत्यात."

सुभद्राबाईंनी फोन ठेवला. उद्धवरावांनी पेपर खाली केला, कारण बायको रागावली की आधी बोलते आणि फार रागावली की काहीच बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या उठल्या आणि संगणकाच्या वायरी काढायला लागल्या.

निरंजन आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. कानावरचं काढून बाहेर आला. "आई, काय करतेयस?"

"गाडी काढ. महाळुंग्याला जायचंय."

"आत्ता? तळवड्याला कंटेनरची रांग असेल. आणि हे धूड घेऊन?"

"तूच म्हणत होतास ना, हे घरातून बाहेर काढू. काढ."

गाडीत मागच्या सीटवर पडद्याला पट्टा बांधला आणि संगणकाचा डबा सुभद्राबाईंनी मांडीवर घेतला. निगडी मागं पडली. तळवड्यापाशी खरंच रांग होती. इंद्रायणीच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि सुभद्राबाई मनातल्या मनात भांडत होत्या. बुजगावणं. ज्या सीडीला बोट लागू नये म्हणून मी हात धुऊन, पुसून मग कडेनं धरायची, तिचं बुजगावणं. कंपनीवाल्यांचं सोड, त्यांना रोज नवं विकायचंय. पण गवराबाईंना काय धाड भरली होती?

"आई, एका खेळासाठी एवढं?" निरंजननं आरशातून विचारलं.

"तुला एका खेळासाठी वाटतंय," त्या म्हणाल्या.

महाळुंग्यात गवराबाईंचं घर कारखान्यांच्या मधोमध उरलेल्या गावठाणात होतं. घरामागं एक चिंचोळा तुकडा, त्याला त्या अजून रान म्हणायच्या. त्याच्या तिन्ही अंगांना कंपन्यांच्या भिंती. त्या तुकड्यात हरभरा उभा होता आणि काठीला सुतळीनं बांधलेली सीडी कलत्या उन्हात गिरक्या घेत होती. अगदी शेजारी एक साळुंकी निवांत घाटे फोडत बसली होती.

"बुजतायत म्हणे," सुभद्राबाई म्हणाल्या.

गवराबाई दारात आल्या. हातात मोबाइल, दुसरा हात गुडघ्यावर. "आवं, कळवायचं तरी."

"कळवायचं कुणी? तीन गुरुवार झाले. अंग दुखतंय काय, पाहुणे काय. सरळ सांगायचं होतं, सुभद्राबाई, मला तुमच्यासंगं खेळायचं नाही."

"तसं कुठं म्हनले मी?"

"सीडी काठीला टांगली, आणखी काय म्हणायचं राहिलं?"

गोरक्ष गोठ्यातून बाहेर आला. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर असलेला, चांगला चाळिशीतला माणूस, पण सुभद्राबाईंना बघून चोरासारखा उभा राहिला. "मावशी, चूक माझी हाय. मला वाटलं, नवं आल्यावर जुनं कशाला लागतंय."

"तुमच्या पिढीला तेवढंच वाटतं," सुभद्राबाई म्हणाल्या. "जा, सोडून आण. सुतळी कापू नकोस, गाठ सोड. आणि कडेनं धर."

गवराबाईंचा मात्र आता पारा चढला. "लेकराला कशाला बोलता? माझं आयका. इतकी वर्सं कोन येतंय? मी येतीया. हितनं बस धरायची, निगडीत बदलायची, डबा पोटाशी धरून उभं ऱ्हायचं. गुडघं ऱ्हायलं न्हाईत माझं. तुमी एकदा तरी म्हनला, की गवराबाई, ह्या गुरुवारी मी येते? कवाच न्हाई. संगणक तुमचा, घर तुमचं. नवं मोबाइलवर आलं, तवा मला वाटलं, सुटले बया."

उत्तर नसलं की सुभद्राबाईंचा राग कमी होत नसे, उलट वाढत असे.

"मग हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"तुमाला दिसत नव्हतं?"

तेवढ्यात गवराबाईंच्या हातातला मोबाइल किणकिणला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि चेहरा पडला.

"काय झालं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"जाळलं परत. पहाटं उठून बांधलं हुतं."

"कुणी?"

"काय म्हाईत. कोनतरी डेव्हिल हाय." गवराबाई ओट्यावर बसल्या. "दर वख्ताला दुसराच कोन. शिव्या घालाव्या म्हनलं तर कुनाला घालायच्या?"

"मला घालायच्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "निरंजन, पडदा आत आण. आजपासून संगणक इथं राहील. सीडी मी घेऊन जाईन, गुरुवारी घेऊन येईन."

गवराबाईंनी मोबाइल ज्वारीच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं.

सीडी गोरक्षनं धुऊन, मऊ धोतराच्या फडक्यानं पुसून आणली. बारीक चरे पडले होते. संगणक घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. निरंजन आणि गोरक्ष, दोघं कर्ते पुरुष, शाळेतल्या पोरांसारखे मागं उभे होते. मग पडद्यावर खोरं उमटलं. नवं साल सुरू होताना जुन्या दौलतीत दवंडी यायची, "ऐका हो ऐका" अशी. तिथं सीडी अडखळली. दवंडीवाला दिसत होता, तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

"ऐका हो ऐका," गवराबाई आपणच म्हणाल्या, कोरड्या आवाजात. "नवं साल लागलं. पाळी सुभद्राबाईची." आणि खुर्ची फिरवून त्या दाराकडं, हरभऱ्याकडं तोंड करून बसल्या.

सुभद्राबाईंचं सैन्य बंधाऱ्यापाशी होतं. तिथून दोन वाटा निघत. एक गवराबाईंच्या कोठाराकडं. दुसरी नदीकाठच्या एका छोट्या गावाकडं. त्या गावाचं नाव गवराबाईंनी पहिल्याच डावात महाळुंगे ठेवलं होतं. भोवती नुसती शेतं. गवराबाईंनी तिथं कधी गड बांधला नाही, पेठ वसवली नाही, की शिपाई ठेवला नाही. एकदा अख्खा गड गेला तेव्हाही त्यांनी त्या गावातलं एक शेत मोडलं नव्हतं. सुभद्राबाईंनी त्यांना कधी कारण विचारलं नाही, आणि त्या वाटेला घोडाही कधी घातला नाही. असं करायचं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आज मात्र त्यांनी घोडे त्या वाटेला लावले. तीन गुरुवारांचा राग होता. पाठ समोर होती, पांढऱ्या केसांचा अंबाडा होता, आणि बाईनं एकदाही वळून बघितलं नव्हतं. एक टिचकी, की गाव संपलं असतं. बोट माउसवर ठेवून सुभद्राबाई बराच वेळ बसल्या. दाराबाहेर भिंतीपलीकडं कसलंतरी मशीन धडधडत होतं.

"झालं का?" गवराबाईंनी विचारलं.

"थांबा. घाई करू नका."

मग त्यांनी घोडे मागं वळवले आणि कोठार लुटलं. सगळं. बी-बियाणंसुद्धा ठेवलं नाही.

"फिरा."

गवराबाईंनी खुर्ची वळवली, चष्मा चढवला आणि पडद्याजवळ वाकल्या. कोठाराकडं त्यांनी बघितलंही नाही. आधी नदीकाठी बघितलं. मऊ रस्त्यावर घोड्यांच्या टापांचे ठसे गावच्या वेशीपर्यंत जाऊन परत फिरले होते. जुन्या दौलतीत ते एक पाळीभर दिसत राहायचे.

"तुमी वेशीपतुर गेला हुता," त्या म्हणाल्या.

"गेले होते. रागच तेवढा आला होता."

"आजून हाय?"

"आहे."

"बरं," गवराबाई म्हणाल्या आणि माउस हातात घेतला. "आता तुमी फिरा तिकडं. आन् ती मेथीची जुडी घ्या, रिकामं बसू नका."